डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट

पाठीवर पडून लिहायचं तर बॉलपेन चालत नाही. दोन ओळी उमटतात, मग शाई खाली उतरत नाही आणि कागदावर नुसते ओरखडे उठतात. म्हणून प्रज्ञाने, माझ्या मुलीने, मला पेन्सिली आणून दिल्या आहेत. परीक्षेचं पॅड छातीवर उभं धरायचं, हात भरून आले की पोटावर आडवं ठेवायचं, थोडं थांबून पुन्हा धरायचं. असं चाललं आहे.

मला मणक्याचा टीबी झाला आहे. बेंबीच्या खालचं अंग माझं राहिलेलं नाही. ऑपरेशन झालं, गोळ्या चालू आहेत. नांदेडच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: मज्जारज्जू दबून राहिला, जरा जास्तच दिवस दबून राहिला. पाय परत येतील किंवा येणार नाहीत. यायचे असले तर येत्या काही महिन्यांत येतील. त्या महिन्यांतले बरेच आता गेले आहेत, आणि मी वसमतला माझ्या घरात, खिडकीजवळच्या पलंगावर पडून आहे.

हे वाचणारं कुणीतरी आज एखाद्या दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलं असेल. आत गेल्यावर डॉक्टर विचारतील, काय होतंय? त्या प्रश्नाचं उत्तर मी चुकवलं. खोटं बोलून नाही, चांगलं सांगून चुकवलं. ते कसं, एवढंच लिहायचं आहे. लाज वाटते, पण लिहितो.

*

मी एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि कथा लिहितो. दोन संग्रह निघाले आहेत. दर वर्षी दिवाळी अंकांत एखाद-दोन कथा येतात. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत कथाकथनाची बोलावणी असतात. सेनगाव, कळमनुरी, पार पुसदपर्यंत. जीपने जायचं, बुद्धविहारासमोरच्या मंडपात उभं राहून एक कथा सांगायची, कुणाच्या तरी घरी पोळी-भाजी खायची आणि मिळेल त्या गाडीने परत यायचं. तेवढ्यावर मी लेखक आहे आणि मला ते पुरत होतं.

ऑफिस सुटलं की चहा घेऊन मी पुढच्या खोलीत बसतो. बसायचो. लिहून झालेलं पान शोभाला वाचून दाखवायचो. शोभा माझी बायको. ती भाजी निवडत किंवा तूर पाखडत ऐकायची. आवडलं तर म्हणायची, "बरं हाय." नाही आवडलं तर, "ही बाई असं बोलनार न्हाई." बहुतेक वेळा तिचंच बरोबर असायचं. मी ते वाक्य बदलायचो, पण तिचं बरोबर होतं असं तिला कधी म्हटलं नाही.

लिहिण्याचे माझे दोन नियम होते. पहिला एका म्हाताऱ्या संपादकांनी शिकवला: गोष्टीला जे लागत नाही ते कापून टाक, कितीही खरं असलं तरी. दुसरा कुणी शिकवत नाही, पण आमच्यातले बहुतेक सगळे तो पाळतात: लिहून होईपर्यंत गोष्ट कुणाला सांगायची नाही. एकदा तोंडाने सांगितली की तिच्यातली वाफ निघून जाते, मग कागदावर नुसतं थंड पाणी उरतं. चार लेखक चहाला बसले तरी कुणी हातात असलेल्या कथेबद्दल बोलत नाही. बाकी सगळ्या गप्पा होतात.

मला अंथरुणावर पाडलं ते या दोन नियमांनी. जंतू होते, ते खरं. पण जंतूंना एवढा वेळ मी मिळवून दिला.

*

पाठ दुखत होती म्हणून मेच्या सुरुवातीला आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा दोष नाही. वयाने मोठे, वाचणारे माणूस. माझे दोन्ही संग्रह त्यांच्या टेबलामागच्या कपाटात औषधांच्या नमुन्यांशेजारी उभे असतात.

"या, लेखकसाहेब. या वहिनी. काय नवीन?"

"नवीन म्हणजे पाठ."

"सांगा. सुरुवातीपासून सांगा. बाहेर गर्दी असू द्या, तुमचं ऐकायला मला वेळ आहे."

मग मी सांगितलं. सेनगावजवळच्या गोरेगावच्या कार्यक्रमानंतर जीपच्या टपावरून पुस्तकांचा खोका उतरवायचा होता. पोरं म्हणाली, "काका, ऱ्हाऊ द्या, आमी घेतो." मी म्हणालो, "बाबांनो, लेखकाच्या पुस्तकांचं ओझं दुसरं कुणी उचलत नाही, त्याची सवय आहे मला." पोरं हसली, मी खोका उचलला आणि पाठीत कळ निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "काय काका, आत विटा भरल्या काय?" मी म्हणालो, "त्या तरी विकल्या गेल्या असत्या."

डॉक्टर चष्मा काढून हसले. मीही हसलो. खोका, पोरं, ड्रायव्हर, कळ, सगळं खरं होतं.

पण पाठ त्या दिवशी दुखायला लागली नव्हती. ती आधीपासून दुखत होती. कधीपासून, ते मला सांगता आलं नसतं. हिवाळ्यात कधीतरी, कुठल्याही कारणाशिवाय, आधी रात्रीची आणि मग दिवसाचीही. ज्या दुखण्याला सुरुवातच नाही ते मी कसं सांगू? मला सुरुवात लागते. म्हणून मी त्याला एक सुरुवात दिली.

आणि बाकीचं गाळलं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. रात्री बनियन ओलं व्हायचं आणि मी उठून ते बदलायचो. पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं. खोक्याशी या कशाचाच संबंध नव्हता, म्हणून मी ते काढून टाकलं. विचार करून काढलं असंही नाही. हात सवयीने चालला.

शोभा शेजारच्या स्टुलावर होती. ती म्हणाली, "डाक्टरसाहेब, अन् संध्याकाळी ह्यांचं अंग तापल्यावानी लागतं. जेवन बी—"

"अगं, मे महिना आहे," मी म्हणालो. "कुणाचं अंग तापत नाही?"

डॉक्टर पुन्हा माझ्याकडे वळले. शोभा गप्प बसली. पाठीचा स्नायू दुखावला आहे असं ठरलं. गोळ्या, पट्टा, ओझं उचलायचं नाही. बाहेर पडताना माझ्या मनात आलेलं वाक्य मला लख्ख आठवतं. ते होतं: चांगली जमली.

*

जुलैमध्ये स्टँडसमोरून ऑफिसला चाललो होतो. पाऊस होऊन गेलेला, रस्त्यावर चिखल. मागून चहाच्या टपरीवरच्या बाईंनी हाक मारली.

"ओ भाऊ! चप्पल काय माझ्या भरवशावर ठेवून चालले का?"

वळून पाहिलं. माझी डावी चप्पल मागे चिखलात पडली होती आणि मी अनवाणी पायाने बराच पुढे आलो होतो. पायाला चिखल लागत होता आणि मला कळलं नव्हतं.

छातीत धस्स झालं. खरंच झालं. पण ते फार तर श्वासभर टिकलं. त्यानंतर जे झालं ते लिहायलाच हवं. मला आनंद झाला. महिनाभर एका कथेत अडकलो होतो. गावाकडचा एक म्हातारा शहरातल्या मुलाकडे राहायला निघतो, आणि त्याचं पुढे काही होईना. आता मला दिसलं: त्याची चप्पल वाटेत सुटते, त्याला कळत नाही, आणि तो एका पायाने अनवाणी मुलाच्या फरशीवर जाऊन उभा राहतो. सून आधी पायाकडे बघते. मला अख्खी कथा दिसली. टपरीवरच्या बाईंना मी हसून हात केला आणि ऑफिसला गेलो.

पट्ट्याने फरक पडत नाही म्हणून त्याच आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, "पाठीशिवाय आणखी काही?"

चप्पल माझ्या जिभेवर होती. मी म्हणालो, "नाही, विशेष काही नाही."

मी ती कथेसाठी राखून ठेवली. सांगितली असती तर डॉक्टरांना आवडली असती, त्यांनी मान डोलावली असती, आणि माझ्यासाठी ती संपली असती. एवढंच कारण. याहून मोठं काहीतरी सापडावं म्हणून मी खूप शोधलं. दुसरं नाही.

घरातही चप्पल दोनदा पायरीवरच राहिली. शोभाने आणून दिली. "लक्ष कुठं ऱ्हाते वं तुमचं?"

"लिहिण्यात," मी म्हणालो, आणि तिला ते पटलं. इतक्या वर्षांत तिने माझ्या लिहिण्यापायी याहून जास्त सोसलं होतं.

*

पोळा होऊन गेला होता. मी शोभाला कथा वाचून दाखवत होतो. शेवट सोडून सगळी झाली होती. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. चप्पल सुटते तिथे आलो आणि शेंगांचा आवाज थांबला. मला वाटलं, जमलं. मी आणखी रंगून वाचायला लागलो.

"थांबा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"हे त्या म्हाताऱ्याचं न्हाई. हे तुमचं हाय."

"कथा आहे, शोभा."

"मला शिकवू नका. पायरीवरून चप्पल मी उचलून देल्ली न्हवं? तुमाला पायात चप्पल हाय का न्हाई ते कळत न्हाई?"

मी हातातली पानं जुळवायला लागलो.

"डाक्टरला सांगितलं का?"

"नाही."

"काहून?"

ती उठली, हात धुऊन आली आणि समोर उभी राहिली. "उद्या नांदेडला चला. सकाळच्या गाडीनं."

"आठवडाभर थांब. अंकाचं काम शेवटाला आलंय, संपादकांचे फोन सुरू आहेत. एवढा शेवट होऊ दे."

"म्हातारा मेला काय अन् जगला काय, कोनाला फरक पडनार हाय?" ती ओरडली. शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला.

आम्ही त्या आठवड्यात गेलो नाही. पाय जड व्हायला लागले होते, मांड्या कडक पडायच्या, भिंत धरून चालायचो आणि शेवट लिहायचो. शेवट चांगला झाला. प्रज्ञाने पानांचे फोटो काढून संपादकांना पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत उभा होतो आणि पाय गेले. पडलो असंही नाही. कुणीतरी खालून खुर्ची ओढून घ्यावी तसा बसलो, आणि मग उठता येईना. अंगावरून पाणी वाहत होतं. कमरेपर्यंत ते गरम लागत होतं, त्याच्या खाली लागत नव्हतं.

*

नांदेडच्या मोठ्या हॉस्पिटलात स्ट्रेचरवर पडल्या पडल्या छताच्या ट्यूबलाइट मागे सरकताना पाहिल्या. तपासायला आलेले डॉक्टर तरुण होते, झोप न झालेले. त्यांनी पायाच्या तळव्यावर किल्ली ओढली, मांडीवर टाचणी टोचली आणि विचारलं, "कधीपासून त्रास आहे?"

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "एप्रिलमध्ये गोरेगावला एक कार्यक्रम होता..."

"तुमी गप बसा," शोभा म्हणाली. "मी सांगते."

लग्नानंतर चारचौघांत तिने मला पहिल्यांदा असं म्हटलं. आणि तिने सांगितलं. आधी न्हाणीतलं, मग मधेच हिवाळ्यातलं, मग बनियन, मग पट्ट्याचं भोक, मग चप्पल, मग पुन्हा हिवाळा. रात्री कुशीवर वळताना मी कण्हायचो तेही. मला ठाऊकच नव्हतं मी कण्हतो म्हणून. तिच्या सांगण्याला शेंडा-बुडखा नव्हता. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते, आणि त्यांनी एकदाही तिला थांबवलं नाही.

एमआरआय झाला, सुई घालून नमुना घेतला. ते म्हणाले, "मणक्याचा टीबी आहे. पू साठून आत दाब आलाय, ऑपरेशन लागेल. आजार औषधानं बरा होतो, त्याची भीती बाळगू नका. पायांचं मात्र मी आज सांगू शकत नाही." मग कागद चाळत, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "हे आधी कुणाला सांगितलं नव्हतं का?"

शोभाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

*

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. पहाटे लघवीची पिशवी रिकामी करायला मावशी यायच्या, मग सिस्टर, मग गोळ्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. एका बाजूने शोभा आणि दुसऱ्या बाजूने प्रज्ञा चादर धरायच्या, "एक, दोन," म्हणायच्या आणि मला ओंडक्यासारखं वळवायच्या. माझी मुलगी माझे कपडे बदलताना भिंतीकडे बघायची, मी छताकडे. प्रज्ञाचं बी.एड. अर्ध्यावर राहिलं. ती पलंगाखाली सतरंजी टाकून झोपायची. तिची आणि तिच्या आईची छातीची तपासणी झाली त्या दिवशी निकाल येईपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायलो नाही. दोघींना काही निघालं नाही. या सगळ्यात मला मिळालेली सर्वांत मोठी दया तीच.

शेजारच्या पलंगावर औंढ्याकडचे बाबूराव होते. मेंढ्या राखणारा माणूस, ओढ्यात पडून मांडीचं हाड मोडलेलं. टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, माझी पिशवी बघून ते म्हणाले, "मास्तर, तुमचं तं सरबत झालं!" मी मास्तर नाही असं त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तक लिवनारा मास्तरच असते." मग जरा विचार करून, "मला बी घाला एखाद्या गोष्टीत. पन मांडी मोडू नका."

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. टाक्यांतून कळ गेली.

ते वॉकर धरून घरी निघाले तेव्हा माझ्या उशाशी थांबले. "तुमी बी उठसाल, मास्तर. बराबर उठसाल." मी हात जोडले, आणि त्यांची पाठ वळल्यावर तोंड भिंतीकडे केलं. त्यांच्या वॉकरचा टकटक आवाज व्हरांड्यात लांब जाईपर्यंत ऐकू येत होता. मला त्या माणसाचा हेवा वाटला, इतका की तो पडावा असं वाटून गेलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी शोभाला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. दारातून मला ती दिसत होती. पदराचा बोळा तोंडात धरून ती रडत होती, आवाज फुटू नये म्हणून. मी बघत होतो. आणि बघता बघता, त्या रडण्याला कुठला शब्द बसेल ते शोधत होतो. हुंदका नव्हे, उमाळा नव्हे. शोधतो आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मी डोळे मिटून घेतले. ती आत आल्यावर मी म्हणालो, "मला घरी नेऊ नकोस. इथंच राहू दे. मेलो तर तुम्ही सुटाल."

तिने पाण्याची बाटली टेबलावर आपटली. "मरायचं बोलनं बंद करा. पोरगी ऐकून राहिली."

प्रज्ञा खरंच ऐकत होती. पलंगाखालून तिचा आवाज आला, शांत. "पप्पा, त्या म्हाताऱ्याची तुम्हाला किती काळजी होती. चप्पल कुठं सुटेल, सून काय बोलेल, सगळा विचार केला तुम्ही. आमचा कधी केला?"



*

दिवाळीच्या आधी आम्ही घरी आलो. दिवाळीला अंक आला आणि फोन सुरू झाले. लातूरहून, अकोल्याहून, ओळखीचे, अनोळखी. मी आजारी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "काय कथा लिहिलीत! आणि ती चप्पल! अहो, हे सुचतं कसं तुम्हाला?" फोन शोभा माझ्या कानाला धरायची. आवाज बाहेर ऐकू यायचा. मी म्हणायचो, "धन्यवाद." शेवटचा फोन ठेवून ती म्हणाली, "लई आवडली म्हना लोकायला." बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी सोसला असता.

आमचे जुने डॉक्टरही भेटायला आले. पलंगाशेजारी बसले. मग म्हणाले, "मी ऐकतच बसलो हो. तपासायचं सोडून ऐकत बसलो." मी म्हणालो, "ऐकायला मीच बसवलं." ते गेल्यावर शोभा म्हणाली, "त्यांच्या डोळ्यात पानी होतं." मला दिसलं नव्हतं. मी त्यांच्या वाक्याकडे बघत होतो.

बाकावर बसलेल्या माणसाला सांगायचं ते असं. आत गेल्यावर गोष्टीसारखं बांधून बोलू नका. कंटाळवाणं असेल ते आधी सांगा. सुरुवात आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. बरोबर आलेल्या माणसाला बोलू द्या. तुम्ही झोपलेले असता तेव्हा ते जागं असतं. आणि कुठलीही गोष्ट, कितीही छोटी असली, कितीही तुमची असली, तरी पुढच्यासाठी राखून ठेवू नका.

हे सांगण्याचा मला काय अधिकार, असंही वाटतं. पण ज्याने चूक केली त्यालाच तिचा आकार माहीत असतो.

*

माझा दिवस आता असा जातो. सकाळी शोभा अंग पुसते, प्रज्ञा पाय वाकवून सरळ करते, फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे. त्यानंतर माझं काम. डोळे मिटायचे आणि अंगठ्याला सांगायचं, हल. आधी उजव्याला, मग डाव्याला. दुपारी पुन्हा. दर सोमवारी नांदेडच्या डॉक्टरांना फोन करायचा आणि काही हललं का ते सांगायचं. इतके सोमवार सांगत आलो, नाही.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी हललं.

मला कळलं. उजव्या अंगठ्यात काहीतरी ओढलं गेलं, गळाला मासा लागल्यावर दोरी ओढली जावी तसं. ओरडणार होतो, आणि तेवढ्यात ध्यानात आलं की दोरी आणि मासा मी आधीच शोधून ठेवले आहेत. कसं सांगायचं ते तयार आहे. मी घाबरलो. हे पायात झालं की डोक्यात, ते मला ठरवता येईना. माझ्यावर विश्वास ठेवायला जागा राहिली नव्हती.

"शोभा," मी हाक मारली. "जरा पायाकडं बघ."

ती पिठाच्या हातानेच आली. "काय झालं?"

"काही नाही. नुसतं बघ."

कोणता पाय, कोणतं बोट, काही सांगितलं नाही. तिने चादर वर केली आणि पायथ्याशी बसली. मी सांगितलं, हल. मला पुन्हा ते ओढणं जाणवलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा जाणवलं, आधीपेक्षा स्पष्ट. मी तिचा चेहरा बघत राहिलो. इतकं टक लावून तिच्या चेहऱ्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि या वेळी त्याला शब्द शोधत नव्हतो. मला फक्त एक हो हवं होतं.

"दिसलं काही?"

तिला सहज खोटं बोलता आलं असतं. तिच्या जागी मी असतो तर बोललो असतो, आणि छान बोललो असतो.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई हललं."

"उजवं?"

"दोन्ही न्हाई."

ती उठली नाही. तिने माझ्या पावलावर हात ठेवला होता. ठेवला आहे हे मला दिसलं.

सोमवारी प्रज्ञाने फोन माझ्या कानाला धरला. डॉक्टर म्हणाले, "बोला, काय म्हणतात पाय?"

मी सांगितलं, "हललं नाही. शनिवारी मला हलल्यासारखं वाटलं, दोन-तीनदा. बायकोला दिसलं नाही. ताप नाही. भूक बरी आहे. डाव्या टाचेला लाल झालंय."

"टाच? कधीपासून?"

"माहीत नाही."

"आजच फोटो पाठवा. टाचेखाली उशी घेऊ नका, पोटरीखाली घ्या. हे महत्त्वाचं आहे. आणखी?"

दारातून शोभा म्हणाली, "झोप लागत न्हाई, ते सांगा."

"झोप लागत नाही," मी म्हणालो.

"अन् रडतेत, ते बी सांगा."

मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिने फोन कानापासून हलवला नाही.

"आणि रडतो," मी म्हणालो.

"बरं," डॉक्टर म्हणाले. पलीकडे लिहीत असावेत. "वाटलं ते सांगितलंत, बरं केलंत. त्यावरून आज काही म्हणता येत नाही. पुढच्या सोमवारी बघू."

तो सोमवार उद्या आहे. शोभा आत्ता पायथ्याशी येऊन बसली आहे, चादर तिने वर केली आहे. कोणता पाय ते मी तिला सांगितलेलं नाही.